रंकाळा हिरवा झालाय, मुलाला पाठवू का?

कोल्हापूरच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. घर रंकाळा तलावापासून चालत दहा मिनिटांवर. सासरे, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, गेली चाळीस वर्षं रोज पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात. दोन वर्षांपासून ते नऊ वर्षांच्या नातवालाही सुट्टीच्या दिवशी सोबत नेत होते. या उन्हाळ्यात काठाला रंग ओतल्यासारखा हिरवा थर आला, वास सुटला, एका सकाळी मेलेले मासे तरंगताना दिसले. त्याच आठवड्यात मोबाइलवर ‘मेंदू खाणाऱ्या अमिबा’चा निरोप फिरला. ताईंनी मुलाचं रंकाळ्यावर जाणं बंद केलं आणि शाळेतल्या आयांच्या ग्रुपवरही ‘मुलांना तिकडे पाठवू नका, डेंग्यू आणि अमिबाची भीती आहे’ असं लिहिलं. आता बऱ्याच घरांतली मुलं जात नाहीत. अण्णा दुखावले आहेत. ‘आम्ही ह्याच पाण्यात पोहायला शिकलो, काय झालं आम्हास्नी?’ एवढंच म्हणाले आणि बोलणं कमी केलं. ओळखीच्या भेळवाल्या मावशी म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक तुटलंय.’ रविवारी तलावातलं केंदाळ (जलपर्णी) काढायला चला म्हणून गल्लीतल्या मुलांनी बोलावलं, ताईंनी आजारपणाच्या भीतीने नाही सांगितलं. त्या विचारतात: मी चुकले का? की आई म्हणून हेच बरोबर?

ताई,

मेलेले मासे पाहून आईच्या पोटात गोळा येतो, आणि यायलाच हवा. घाण पाण्याजवळ मूल जाऊ नये ही शहाणी भीती आहे. अण्णांना ती हसण्यावारी न्यावीशी वाटली तरी त्यांच्या वाक्यातही खोट आहे, तिच्याकडे नंतर येते. आधी तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी थांबू या. ‘रंकाळ्यावर जाणं’ असं तुम्ही चारदा लिहिलंय, जणू ती एकच गोष्ट आहे.

तसं नाही. टॉवरपासून कठड्याकडेने चालत जाणं वेगळं. पद्माराजे उद्यानात खेळणं वेगळं. चौपाटीवर भेळ खाणं, संध्यामठ बघत कट्ट्यावर बसणं, बोटीत बसणं, घाटाच्या पायरीवर पाय सोडून बसणं, गळ टाकणं, पोहणं ही सगळी आणखी वेगळी. यातल्या काहींत पाणी अंगाला लागतच नाही, काहींत हातापायाला लागतं, काहींत नाकातोंडात जातं. धोका ठरतो तो यावरून. तुम्हाला भीती वाटली पाण्याची आणि बंद झाला सगळा काठ.

पत्रातल्या तीन भीती एकेक करून बघू.

पहिली हिरव्या थराची. ही खरी आहे. नाल्यांमधून सांडपाणी येतं, त्यात नत्र आणि फॉस्फरस असतो, आपल्या धुण्याच्या पावडरींचाही त्यात वाटा असतो. ऊन तापलं, पाणी संथ झालं की या खुराकावर निळं-हिरवं शेवाळ माजतं. त्यातलं ‘मायक्रोसिस्टिस’ हे रंकाळ्यात आढळलेलं आहे. त्याच्या काही जाती यकृताला अपाय करणारं विष तयार करतात. असं पाणी अंगाला लागलं तर पुरळ, डोळ्यांची आग. पोटात गेलं तर उलट्या, जुलाब. पाणी उकळून हे विष जात नाही, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडे उकळणं हा सगळ्यावरचा उपाय मानला जातो. आणि ते मासे? हे शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं पण रात्री स्वतःच ओढून घेतं. तळाशी जे कुजतं तेही प्राणवायू खातं. पहाटे पाण्यात तो सगळ्यांत कमी उरतो आणि मासे गुदमरतात. म्हणून ते सकाळीच दिसतात. बहुतेक वेळा कारण हेच असतं, काठावरच्या हवेत विष पसरल्याची ती खूण नसते. वासाचंही तसंच. कुजक्या अंड्याचा वास देणारा वायू आपल्या नाकाला इतक्या थोड्या प्रमाणात कळतो की अपाय होण्याच्या कितीतरी आधी आपण रुमाल काढतो. मुलाला दमा असेल तर मात्र दाट थर असताना आणि वारा तुमच्या बाजूला असताना त्या काठाला जाऊ नका, कारंजं किंवा बोटीचे तुषार उडत असतील तिथून लांब राहा.

दुसरी डेंग्यूची. ताई, इथे ग्रुपवर गेलेला निरोप चुकला आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो घरातल्या साठवलेल्या स्वच्छ पाण्यात: पिंप, कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचा टायर. रंकाळ्याच्या गढूळ पाण्यात आणि केंदाळाच्या मुळांशी वाढणारे डास वेगळे. तेही चावतात, संध्याकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, पण डेंग्यूसाठी पहिली झडती आपल्या मोरीतल्या पिंपाची घ्यायला हवी. मुलाला रंकाळ्यापासून तोडून आपण घरी आणलं आणि घरातलं पिंप तसंच राहिलं, तर डेंग्यूपुरतं काहीच साधलं नाही.

तिसरी अमिबाची. केरळमध्ये 2024 आणि 2025 मध्ये असे रुग्ण सापडले, मुलंही दगावली, त्यामुळे तो निरोप सगळा खोटा म्हणता येत नाही. पण हा अमिबा शरीरात शिरतो नाकावाटे, कोमट गोड्या पाण्यात बुडी मारताना किंवा नाकात जोराने पाणी गेलं की. कठड्याकडेने चालताना तो होत नाही, शेजारच्या मुलाकडून लागत नाही, तोंडावाटे पाणी प्यायल्यानेही होत नाही. आजार फार दुर्मीळ आहे आणि झाला तर फार भयंकर आहे, आणि नेमक्या अशाच गोष्टी मनात घर करतात. पॉल स्लोविक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये मांडलं होतं की माणसं धोका मोजतात तो मृत्यूंच्या आकड्यावरून नव्हे. तो किती भीषण वाटतो, किती अनोळखी आहे, आपल्या हातात किती आहे, यावरून. अमिबा तिन्हींत बसतो. म्हणून तो ग्रुपवर फिरला.

जो धोका फिरला नाही, तो तुमच्या पत्रातही नाही. बुडण्याचा. देशात दरवर्षी 35,000 हून अधिक माणसं बुडून मरतात असं सरकारी नोंदी सांगतात. त्यात मुलं असतात. शेवाळलेली पायरी, कठड्यावर चढलेलं पोर, मोबाइलमध्ये बघणारा मोठा माणूस, एवढं पुरतं. नऊ वर्षांच्या मुलासाठी रंकाळ्याकाठी सगळ्यांत मोठी काळजी ही आहे, त्याच्या खालोखाल तो रस्ता ओलांडण्याची. रंकाळा निळाशार स्वच्छ असता तरीही मी हेच लिहिलं असतं. म्हणून मुलाला पोहायला घाला, तलावात नाही, अंबाई टँकवर किंवा जिथे शिकवणारा आणि क्लोरीन दोन्ही आहेत तिथे. ज्या गावाने वीरधवल खाडेसारखा जलतरणपटू दिला त्या गावातलं मूल पाण्याला घाबरून वाढलं तर वाईट वाटेल.

आता अण्णांचं वाक्य. ‘काय झालं आम्हास्नी?’ अण्णा पोहायला शिकले त्या पाण्यात आणि आजच्या पाण्यात फरक आहे. एके काळी शहर ज्या तलावाचं पाणी पीत होतं, तिथे नंतर आजूबाजूच्या वस्त्यांचे नाले येऊन मिळाले. त्यामुळे त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्या पाण्याचा अनुभव आहे. शिवाय ज्यांना काही झालं ते कट्ट्यावर सांगायला आलेले नसतात. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं गेली, ती पिण्याच्या पाण्यातून आली होती हे अण्णांना आठवत असेल. सांडपाणी पोटात गेलं की काय होतं हे आपल्या जिल्ह्याने पाहिलं आहे. तेव्हा पोहणं, बुडी मारणं, ते पाणी तोंडावर घेणं यांना तुमचा नकार पक्का ठेवा. त्यात अण्णांची समजूत काढायची म्हणून सूट देऊ नका.

पण हे त्यांना सांगताना एक लक्षात घ्या. तुम्ही नातवाला थांबवलंत तेव्हा अण्णांना ऐकू आलं ते वेगळं असावं. चाळीस वर्षं ज्या काठावर मित्र भेटले, तिथेच दोन-चार जणांच्या शेवटच्या आठवणीही राहिल्या, तो काठ आता नातवाला दाखवायच्याही लायकीचा नाही, असं त्यांना ऐकू आलं. म्हणून ते गप्प झाले. त्यांना शेवाळाची शिकवणी देऊ नका. विचारा. अण्णा, पाणी आधी कुठल्या बाजूने हिरवं व्हायला लागलं? कुठला नाला पावसात फुगतो? मासे याआधी कधी मेले होते? चाळीस वर्षं रोज पहाटे एकच पाणी बघणारा माणूस त्या पाण्याची वही असतो. कुठल्याही कार्यालयात एवढी सलग नोंद सापडणार नाही.

इथे माझं थोडं सांगते. मी ज्या गावात वाढले तिथेही वेशीजवळ तळं होतं. मी शाळेत असताना त्याला वास यायला लागला, आईने जाऊ नको म्हटलं, मैत्रिणींच्या आयांनीही म्हटलं. आम्ही जाणं सोडलं आणि त्याची सवय झाली. कोणी दुष्टपणाने काही केलं नाही. दहा-बारा वर्षांनी मी गेले तर अर्धं तळं राडारोड्याने भरलेलं होतं, त्यावर टपऱ्या आणि गाड्यांचा तळ. ओरडलं का नाही कोणी, असं मी चिडून विचारलं. ओरडायला तिथे कोणी जातच नव्हतं. आईची चूक नव्हती. आम्हाला तळ्यात उतरू देऊ नये हे बरोबरच होतं. पण काठही सोडायची गरज नव्हती, आणि हे आम्हाला कोणी समजावलं नाही.

तुमच्या शहरात ती वेळ आलेली नाही, आणि मला वाटतं त्याचं कारण अण्णांसारखी माणसंच आहेत. रंकाळ्यात केंदाळ पसरलं की कोल्हापूर बोंब मारतं. ते मारतं कारण हजारो माणसं रोज सकाळ-संध्याकाळ ते पाणी बघतात. गणपती विसर्जनासाठी रंकाळ्याऐवजी इराणी खणीची, म्हणजे जवळच्या पाणी साठलेल्या जुन्या खाणीची, वाट लोकांनी स्वीकारली, त्यामागेही हीच आपुलकी आहे. भीतीने माणसं घटली की बघणारे डोळे घटतात, फुगे-भेळ विकणाऱ्यांची दुकानदारी घटते, संध्याकाळी काठ ओस पडायला लागतो, मग बायका आणि मुली आधी यायच्या थांबतात, आणि ओस काठावर रात्री कोण काय आणून टाकतं हे बघायला कोणी उरत नाही. मग पाणी आणखी बिघडतं आणि भीती आणखी वाढते.

तर करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर मुलाला येत्या सुट्टीपासून पुन्हा अण्णांबरोबर पाठवलं असतं, तीन अटींवर. पाण्याला हात लावायचा नाही, कठड्यावर चढायचं नाही, भेळ खाण्याआधी घरून नेलेल्या पाण्याने साबण लावून हात धुवायचे. पायाला जखम असेल तर त्या दिवशी घाटाच्या ओल्या पायऱ्यांवर जायचंच नाही, पावसाळ्यात तर मुळीच नाही. लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचे, जंतू अशाच जखमेतून शिरतात. मोठा पाऊस पडून गेला की दोन-तीन दिवस पाण्यालगत जाणं टाळा, कारण तेव्हा नाले भरून तलावात उतरतात. दाट हिरवा थर वाऱ्याने एका काठाला ढकलला जातो, त्या दिवशी समोरच्या बाजूने फिरा. घेर चार किलोमीटरच्या वर आहे, जागा भरपूर आहे. घरात कुत्रा असेल तर त्याला ते पाणी चाटू देऊ नका, या शेवाळाने कुत्री पटकन मरू शकतात. मेलेला मासा कोणी फुकट दिला तरी घ्यायचा नाही.

हिरवं दिसणारं सगळं शेवाळ विषारी नसतं, हेही मुलाला दाखवता येईल. अण्णांनी हातमोजे घालून, स्वतः काठावर बसून, काचेच्या बरणीत थोडं पाणी घ्यावं, झाकण घट्ट लावावं आणि बरणी कुणी न हलवता रात्रभर ठेवावी. निळं-हिरवं शेवाळ बहुधा वर येऊन तरंगतं, साधं हिरवं शेवाळ बहुधा खाली बसतं. किंवा एक काडी थरात फिरवून वर काढावी. तिच्यावर केसांसारखे लांब धागे गुंडाळून आले तर ते बहुतेक साधं शेवाळ असतं. रंगासारखा थर काडीला माखला तर सावध व्हायचं. ही प्रयोगशाळेतली तपासणी नव्हे, विष आहे की नाही हे त्यावरून ठरत नाही. पण आज लांब राहायचं की नाही, एवढं ठरवायला पुरते. दर रविवारी तारीख, रंग, वास, पाऊस झाला होता का, एवढं नातवाने वहीत लिहावं. आजोबा सांगतील, तो लिहील.

खरी तपासणी करवून घेणं हे मोठ्यांचं काम. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महापालिकेकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे गेल्या वर्षभराचे रंकाळ्याच्या पाण्याचे अहवाल मागा. आले की तीन आकडे बघा. अंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय मंडळाचे निकष असे आहेत: विरघळलेला प्राणवायू लिटरमागे 5 मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) 3 मिलिग्रॅम किंवा कमी, आणि विष्ठेतून येणारे फीकल कोलिफॉर्म जिवाणू 100 मिलिलिटरमागे 500 पर्यंत असावेत, 2,500 च्या वर कधीच नसावेत. शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, अहवाल समजावून घ्यायला तिथे विचारता येईल. आणि मग मागणी एकच करा, जी कुणालाही नाकारायला जड जाईल: हे आकडे टॉवरजवळच्या फलकावर दर आठवड्याला लिहा. पॅरिसमध्ये सीन नदीत पोहायला 1923 पासून बंदी होती. 2025 च्या उन्हाळ्यात तिथे लोकांसाठी पोहण्याच्या जागा उघडल्या, आणि त्या दिवशी पाण्यात उतरायचं की नाही हे लोकांना काठावरच्या झेंड्यावरून कळतं. खर्च झाला तो सांडपाणी अडवण्यावर, प्रचंड झाला. झेंड्याला काही फार लागत नाही. आपल्याकडे नाले अडवण्याची कामं चालतील, थांबतील, पुन्हा चालतील, त्यांचा पाठपुरावा करायचाच. पण फलक उद्या लागू शकतो. माहिती नसली की ती जागा मोबाइलवरचा निरोप भरून काढतो, हे तुमच्याच बाबतीत झालं.

रविवारच्या केंदाळाचं. जा, पण मुलाला नेऊ नका. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंतचे हातमोजे, अंगावर उघडी जखम नको, पाण्यात उतरायचं नाही, काठावरून ओढून वर घेणाऱ्यांत राहायचं. घरी आल्यावर साबणाने अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. पुढच्या महिन्याभरात ताप, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘तलावाच्या पाण्यात काम केलं होतं’ हे आपणहून सांगायचं. हिरवा थर दाट असेल त्या आठवड्यात काम पुढे ढकला, असं मुलांनाही सांगा. त्यांच्या आया तिथे नसतील. उत्साहात ती पोरं कंबरेएवढ्या पाण्यात उतरतात, त्यांच्याकडे हातमोजे नसतात. तुम्ही भीतीने घरी थांबण्यापेक्षा वीस जोड हातमोजे घेऊन गेलात तर तुमची तीच भीती त्यांच्या कामी येईल. काढलेलं केंदाळ काठावरच ढीग लावून ठेवू देऊ नका, कुजून सगळा खुराक पुन्हा पाण्यात जातो. महापालिकेची गाडी त्याच दिवशी येणार का, हे आधी विचारून घ्या. पोषण असलेल्या पाण्यात हे झाड दोन-एक आठवड्यांत दुप्पट होऊ शकतं, त्यामुळे एका रविवारवर भागणार नाही, हेही धरून चला.

राहिला आयांचा ग्रुप. तिथे आधी लिहिलेलं दुरुस्त करायला संकोच वाटेल, पण ते तुम्हीच करायला हवं, कारण त्यांनी ऐकलं ते तुमच्यावर विश्वास म्हणून. वाटलं तर हे जसंच्या तसं टाका:

‘मागे मी रंकाळ्यावर मुलांना पाठवू नका असं लिहिलं होतं. माहिती घेतली. पाण्यात उतरणं, पोहणं, पाय बुडवणं सध्या नकोच, हिरवा थर असेल तिथे तर अजिबात नको. पण फिरायला, बागेत खेळायला, भेळ खायला जायला हरकत नाही. हात साबणाने धुवा, मुलांना कठड्यावर चढू देऊ नका, मोठं माणूस सोबत हवं. डेंग्यूचा डास तलावात नाही, घरच्या पिंपात वाढतो, आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करा. पाण्याचे तपासणी अहवाल मागण्यासाठी मी अर्ज करतेय, कुणाला सही करायची असेल तर सांगा. शनिवारी संध्याकाळी आम्ही अण्णांबरोबर टॉवरपाशी आहोत, मुलांना घेऊन या.’